जँगोला शोध इंजिन जोडताना

पायथनच्या जँगो फ्रेमवर्कमध्ये बांधलेल्या संकेतस्थळाला इलॅस्टिकसर्च हे शोध इंजिन जोडायचं असेल, तर हेस्टॅक हे मुक्त पॅकेज मधला दुवा ठरतं. सेटिंग्जच्या फाइलमध्ये इंजिनाचा प्रकार, त्याचा पत्ता आणि इंडेक्सचं नाव लिहायचं. कोणत्या नोंदींतला कोणता मजकूर शोधात यावा, हे वेगळ्या फाइलमध्ये ठरवायचं. मग एक कमांड चालवली की पुस्तकामागच्या सूचीसारखा इंडेक्स तयार होतो.

खरी काळजी त्यानंतर घ्यावी लागते. डेटाबेसमधली नोंद बदलली, तरी इंडेक्स आपोआप बदलत नाही. त्यासाठी ‘अपडेट इंडेक्स’ ही कमांड ठरावीक वेळाने चालवावी. खोडलेल्या नोंदी काढायला तिच्यासोबत ‘रिमूव्ह’ हा पर्याय द्यावा. बदल लगेच दिसायला हवे असतील, तर नोंद बदलताच इंडेक्सही बदलणारा हेस्टॅकचा रिअलटाइम सिग्नल प्रोसेसर निवडावा. मात्र त्याने प्रत्येक नोंद जतन व्हायला थोडा जास्त वेळ लागतो.