घराचा ताबा देण्याआधी

“पोटच्या पोरावर केस करू? जमातीत तोंड कसं दाखवू?” शाळेच्या फाटकाशी नातवंडांची वाट पाहणाऱ्या दादी-नानींकडून हे आम्ही बरेचदा ऐकतो. औषध मागितलं की बोलणी, पेन्शनचं पासबुक मुलाच्या कपाटात, आणि इज्जतीपायी सगळं मुकाट सोसायचं. आई-वडिलांचा नफका मुलांवर वाजिब आहे, हे आपण मकतबात शिकवतो. मग तो मागताना आईनेच मान का खाली घालावी?

२००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याने यासाठी वेगळं न्यायाधिकरण दिलं आहे. महाराष्ट्रात ते प्रांताधिकाऱ्यांपुढे चालतं. वकील करायलाच हवा असं नाही. स्वतः जाणं जमत नसेल तर दुसऱ्या कुणाला अधिकार देऊन अर्ज करता येतो. नोटीस बजावल्यापासून ९० दिवसांत निकाल अपेक्षित असतो, आणि तोवरही काही रक्कम द्यायला सांगता येते. कमाल महिना १०,००० रुपये. आजच्या औषधांच्या भावात ही रक्कम तोकडीच. लेकीही यातून सुटत नाहीत. फौजदारी कायद्यातील पोटगीबाबत तर सर्वोच्च न्यायालयाने १९८७ मध्येच लग्न झालेल्या मुलीवरही आई-वडिलांची जबाबदारी टाकली होती.

खरा घोळ घराच्या कागदाचा. आपल्यात तोंडी हिबाही चालतो: देणाऱ्याने जाहीर केलं, घेणाऱ्याने कबूल केलं, ताबा दिला, झालं. पुढे मुलगा फिरला तर? कलम २३ नुसार सांभाळण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता, अट मोडल्यास, परत मिळू शकते. मात्र तशी अट होती हे दिसलं पाहिजे, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये सांगितलं. मध्य प्रदेशातील एका आईने २०१९ मध्ये मुलाला घर बक्षीस दिलं, पण सांभाळण्याचं वचनपत्रही लिहून घेतलं. जानेवारी २०२५ मध्ये न्यायालयाने ते बक्षीसपत्र रद्द करून घराचा ताबा आईला देववला. तोंडी हिबात असा कागद कुठून आणणार? शिवाय हिबाला घातलेली अट शरीअतच्या दृष्टीने टिकते का, हाही प्रश्न असतो. म्हणून वकील आणि आलिम दोघांना विचारूनच सही करावी. आमचं विचाराल तर हयातीत घर देण्याची घाईच कशाला? वारसा हिस्स्याप्रमाणे पुढे मिळणारच आहे.

दुसरी बाजूही आहे. काही मुलगे आई-वडिलांच्या नावाआडून बायकोलाच घराबाहेर काढू पाहतात. अशा वेळी सुनेचा राहण्याचा हक्क डावलता येत नाही, असं २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बजावलं.

मारहाण होत असेल तर आईला मुलाविरुद्ध कौटुंबिक हिंसाचार कायद्याखालीही दाद मागता येते. जिल्हा विधी सेवा प्राधिकरण स्त्रियांना, त्यांचं उत्पन्न कितीही असो, वकील मोफत देतं. कुठून सुरुवात करावी हे सुचत नसेल तर १४५६७ या ज्येष्ठांच्या हेल्पलाइनवर फोन करावा. मुलासमोर बोलणं शक्य नसेल, तर शेजारच्या घरून.