गिअरचा दांडा आणि घाटाचा उतार

मुंबई-पुणे रस्त्याने ज्यांचे कधी जाणे-येणे होत नाही, असे कुटुंब आमच्या वाचकवर्गात विरळाच असेल. बोरघाटात आपल्या मोटारीच्या मागेपुढे जे अवजड ट्रक चालतात, त्यांचा चालक उतारावर कोणता गिअर घालतो हा प्रश्न म्हणूनच एकट्या त्याच्या धंद्याचा नव्हे. आपली मुलेबाळे त्याच उतारावर असतात.

पूर्वी ट्रक शिकणे म्हणजे मुख्यतः गिअर शिकणे. क्लच दाबून गिअर काढावयाचा, क्लच सोडून इंजिनाची गती जुळवावयाची, पुन्हा क्लच दाबून दुसरा गिअर घालावयाचा, ही ‘डबल क्लच’ची विद्या शिकाऊ पोरगा क्लीनर म्हणून उस्तादाच्या शेजारी बसून हळूहळू उचलीत असे. चुकला की गिअरपेटी करकरे, आणि पाठोपाठ उस्तादही! आता यंत्राने हे काम आपल्याकडे घेतले आहे. व्होल्वो कंपनीने 2001 साली आणलेल्या ‘आय-शिफ्ट’ जातीच्या पेटीत दंतचक्रे पूर्वीच्याच घाटणीची आहेत; मात्र गिअर बदलण्याचे काम दाबलेली हवा करते, आणि तो केव्हा बदलावा हे संगणक ठरवितो. क्लचचे पेडल मुळी नाहीच. दिवसभर गर्दीतून ट्रक हाकणाऱ्याच्या डाव्या पायाला याहून मोठा दिलासा कोणता?

या नव्या चालकास जुना ट्रक हाती द्यावा काय, याविषयी दोन देशांनी दोन वाटा धरल्या आहेत. अमेरिकेत हाताच्या गिअरवाचून परीक्षा दिली, तर परवान्यावर ‘ई’ हे अक्षर पडते व हाताच्या गिअरचा अवजड व्यापारी ट्रक चालविण्यास मनाई होते. ब्रिटनने नोव्हेंबर 2014 मध्ये ही अट सैल केली. ज्याने हाताच्या गिअरच्या साध्या मोटारीची परीक्षा दिलेली आहे, त्याने ट्रकची परीक्षा स्वयंचलित गाडीवर दिली तरी त्याला दोन्ही ट्रक मोकळे. आमचा कल ब्रिटनकडे आहे. दांडा हलविण्याचे कसब गेले म्हणून आम्ही अश्रू ढाळणार नाही. पण त्या कसबाच्या पोटात एक ज्ञान दडलेले होते, ते त्याबरोबर जाता कामा नये.

ते ज्ञान उताराचे. चाळीस टनांचा ट्रक पाचशे मीटर खाली उतरतो तेव्हा त्याच्या वजनातून जी शक्ती मोकळी होते, तिने सुमारे सहाशे लिटर गार पाण्याला उकळी येईल. म्हणजे न्हाणीघरातले डझनभर बंब! हवा आणि टायर यांनी तीतली थोडी खाल्ली, तरी उरलेली सारी उष्णता ब्रेकवर लोटली तर ब्रेकचे ड्रम तापून फुगतात, अस्तराची पकड सुटते आणि पेडल कितीही दाबले तरी गाडी आवरत नाही. म्हणून उतार लागण्यापूर्वीच खालचा गिअर घालून भार इंजिनावर टाकावयाचा असतो. वेग वाढल्यावर तो घालू म्हटले, तर बहुधा जात नाही.

आपल्याकडे मात्र डिझेल वाचावे म्हणून उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये सोडण्याची घातक खोड आहे. बोरघाटातील अपघातांच्या चर्चेत तिचा उल्लेख वारंवार येतो. कोणी तर इंजिनही बंद करतात. मग ब्रेकसाठी हवा दाबून देणारा कॉम्प्रेसरही थांबतो आणि साठलेली हवा दर दाबासरशी घटत जाते. यात कंजुषीही साधत नाही, हे त्यांना कोणी सांगितलेले दिसत नाही. आजच्या इंजिनांत गाडी गिअरमध्ये ठेवून उतारावर ॲक्सिलरेटरवरून पाय काढला, की डिझेल बहुतेक पूर्ण तुटते. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन फिरते ठेवण्यास ते जळतच राहते.

स्वयंचलित पेटी या खोडीला आळा घालील, पण पुरता नाही. तिला चाकाखालचा चढ-उतार आणि पाठीवरचे ओझे कळते. पुढच्या वळणापलीकडे काय आहे, ते बहुतेक पेट्यांना दिसत नाही. घाटमाथ्यावर खालचा गिअर धरून ठेवण्याचा हुकूम चालकानेच द्यावयाचा असतो. जो कधी दांड्याशी झगडला नाही, त्याला हा हुकूम मुद्दाम शिकवावा लागेल. 2021 च्या नियमांनी मान्यताप्राप्त केंद्रांसाठी अवजड वाहनांचा अभ्यासक्रम सहा आठवड्यांत 38 तासांचा ठरविला. त्यांतले काही तास भरलेल्या ट्रकसह खऱ्या उतारावर जावेत, एवढेच आमचे मागणे आहे. रिकामा ट्रक मैदानात फिरवून घाट समजत नाही. याच बोरघाटात आगगाड्या उतरताना मध्ये थांबवून ब्रेक तपासण्याचा शिरस्ता रेल्वेने घातला आहे. सडकेवर तो विचार एकट्या चालकाच्या डोक्यावर सोडलेला आहे.

तोवर घाट उतरताना पुढचा ट्रक इंजिन घोंघावत मुंगीच्या पावलाने चाललेला दिसला, तर आमच्या वाचकांनी मागून भोंगा वाजवू नये, की चटकन पुढे घुसून त्याला ब्रेक दाबावयास लावू नये. तो चालक आपले काम बरोबर करीत आहे.