सापाला पाय, लिलीला सोनं

प्राचीन चीनमधल्या चू राज्यात एका घरी पूजा झाली आणि यजमानाने सेवकांना मद्याचा एक चषक दिला. सगळ्यांनी वाटून घ्यावं तर कुणाचंच भागेना. एकट्याला मात्र चंगळ. मग पैज लागली. जमिनीवर साप काढायचा, ज्याचा आधी होईल त्याने प्यायचं. एकाने झरझर साप काढला, डाव्या हाताने चषक उचलला आणि बाकीचे अजून रेघोट्याच ओढताहेत असं पाहून उजव्या हाताने सापाला पाय काढायला घेतले. ते पुरे व्हायच्या आत दुसऱ्याचा साप तयार झाला. सापाला पाय नसतातच, असं म्हणून त्याने चषक हिसकावला आणि रिकामा केला.

‘साप काढून पाय जोडणे’ हा चिनी भाषेत अवघ्या चार अक्षरांचा वाक्प्रचार आहे. अशा वाक्प्रचारांना ‘चंगयू’ म्हणतात. त्यातले बहुतेक चार अक्षरी असतात आणि अनेकांच्या पोटात अशी एखादी जुनी गोष्ट असते. कुठली ‘युद्धरत राज्यांची कूटनीती’ या ग्रंथातली, कुठली च्वांगत्सू किंवा हान फेइ या विचारवंतांची, तर कुठली सुमा छ्येनच्या इतिहासातली. चिनी मुलं या गोष्टी लहानपणापासून ऐकत, वाचत आलेली असतात.

त्याच मुलांना शाळेत इंग्रजीही शिकावी लागते. 2001 साली चीनने प्राथमिक शाळांत तिसरीपासून इंग्रजी सुरू करण्याचं धोरण आखलं. व्याकरण घोकून येतं, शब्द पाठ होतात. अडतं ते वाक्प्रचारांपाशी. इंग्रजी वाक्प्रचार बायबलमधून, शेक्सपिअरच्या नाटकांतून, जहाजांवरून, घोड्यांच्या पागेतून आलेले. ते जग ज्याने पाहिलं नाही, त्याला ती नुसती शब्दांची रास वाटते. अशा वेळी ओळखीची गोष्ट मदतीला येते: इंग्रजी वाक्प्रचार त्याच्याशी जुळणाऱ्या चिनी गोष्टीशेजारी ठेवून शिकवायचा. वाक्प्रचाराचं मूळ आणि त्यामागचं चित्र कळलं की तो अधिक चांगला लक्षात राहतो, हे फ्रँक बूर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भाषा शिकणाऱ्यांचा अभ्यास करून दाखवलं आहे.

सापाच्या पायांशेजारी इंग्रजीतला ‘गिल्ड द लिली’ ठेवतात. लिलीच्या फुलाला सोन्याचा मुलामा देणे, म्हणजे मुळात सुंदर असलेल्या गोष्टीला उगाच नटवणे. हा वाक्प्रचार शेक्सपिअरच्या ‘किंग जॉन’ नाटकातल्या ओळींवरून आला. तिथे मुलामा सोन्याला आहे आणि लिलीला रंग, पुढे लोकांच्या तोंडी दोन्हींची सरमिसळ झाली. जोडी जमते, पण पुरती नाही. मुलामा दिलेली लिली लिलीच राहते. पाय फुटलेला साप मात्र साप राहत नाही आणि हातातला चषकही जातो. हा फरक शब्दकोशातल्या एका ओळीच्या अर्थातून हाती लागत नाही, गोष्टीतून लागतो. या पद्धतीचं खरं मोल इथेच आहे. त्यामुळे गोष्ट गाळून नुसत्या जोड्या लावणारे तक्ते मुलांच्या हाती दिले, तर त्यांचं नुकसानच होतं.

मेंढ्यांच्या गोष्टीत तर हा धोका स्पष्टच दिसतो. चूच्या राजाला च्वांग शिन या मंत्र्याने सावध केलं होतं: हा ऐषआराम राज्य बुडवील. राजाने ऐकलं नाही. इ.स.पू. 278 मध्ये चिन या शत्रुराज्याच्या फौजांनी चूची राजधानी घेतली. परागंदा झालेल्या राजाने च्वांग शिनला परत बोलावून विचारलं, आता काय करू? तो म्हणाला, मेंढी गेल्यावर कुंपण दुरुस्त केलं तरी उशीर झालेला नसतो. इंग्रजीत घोडा पळाल्यावर पागेचं दार लावतात. चित्र तेच, अर्थ नेमका उलटा. मराठी माणूस इथे इंग्रजांच्या बाजूने उभा आहे, कारण आपलाही बैल गेल्यावरच झोपा होतो. चिनी विद्यार्थ्याने कुंपणाच्या भरवशावर पागेचं दार वापरलं, तर धीर द्यायला जाऊन तो समोरच्याला टोचून बोलून बसेल.

काही जोड्या मात्र चपखल बसतात. इ.स.पू. 207 च्या सुमारास सेनापती श्यांग यू चिनच्या सैन्यावर चालून गेला. नदी ओलांडताच त्याने नावा बुडवल्या, स्वयंपाकाची भांडी फोडली आणि सैनिकांजवळ फक्त तीन दिवसांची शिदोरी ठेवली. जिंकायचं, नाहीतर मरायचं. जूलूच्या त्या लढाईत तो जिंकला. ‘भांडी फोडून नावा बुडवणे’ कळलं की इंग्रजीतलं ‘बर्न युअर बोट्स’ वेगळं शिकवावं लागत नाही. सिंहगडावर तानाजी पडल्यानंतर सूर्याजीने दोर कापल्याची कथा ऐकलेल्या आपल्या मुलांनाही ते लागलीच उमगेल. फक्त नावांच्या जागी पूल जाळला की आजच्या इंग्रजीत अर्थ बहुधा संबंध कायमचे तोडण्याकडे झुकतो, एवढं जपायला हवं.

गाईपुढे तंतुवाद्य वाजवणाऱ्या वादकाची गोष्टही अशीच. त्याने उच्च दर्जाची रचना वाजवली, गाय मान खाली घालून चरत राहिली. मग त्याने तारांवर डासांची गुणगुण आणि वासराचं हंबरणं काढलं, तशी तिने शेपटी हलवली, कान टवकारले. बायबलमधले डुकरांपुढचे मोती आणि आपल्याकडची गाढवापुढची गीता, दोन्ही याच अंगाने जातात. तरी चिनी गोष्टीतला वादक शेवटी गाईला कळेल असं वाजवतो, मोती टाकणाऱ्याला ते सुचत नाही.

देवाणघेवाण उलट्या दिशेनेही झाली आहे. ‘लूज फेस’, म्हणजे चारचौघांत पत जाणे, हे इंग्रजीने चिनीवरूनच उचललं. ‘पेपर टायगर’ही चिनीच, 1946 मध्ये अमेरिकी पत्रकार ॲना लुइझ स्ट्राँग यांच्याशी बोलताना माओने तो वापरला आणि पुढे तो जगभर पसरला. कागदी वाघ आता मराठी अग्रलेखांतही सर्रास भेटतो.