कामगारांचा वकील, मालकांचा वकील

वकील म्हटले की आपल्या समाजाच्या डोळ्यांपुढे प्रथम फौजदारी खटला उभा राहतो, नाहीतर जमिनीचा दावा. त्यात नवल नाही. अत्याचाराच्या फिर्यादी आणि वतनी जमिनींचे तंटे यांतूनच आपल्या मागील दोन पिढ्यांनी कोर्टाची पायरी ओळखली. परंतु आपल्या वस्त्यांतील माणसांची भाकर जेथे पणाला लागते, ते कामगार न्यायालय अजून आपल्याला अपरिचित आहे. या शाळेतून बाहेर पडलेली काही मुले-मुली आज कायद्याचे शिक्षण घेत आहेत, आणि त्यांचे पालक विचारतात की 'लेबर'ची वकिली म्हणजे नेमके काय. त्या प्रश्नाचे उत्तर इतिहासाच्या विद्यार्थ्याला सुचेल त्या पद्धतीने देण्याचा हा प्रयत्न आहे.

कामगारांची बाजू मांडण्याचे काम या देशात वकिलांनी सुरू केले नाही. सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली मुंबईच्या गिरणी कामगारांना एकत्र केले, त्यांची गाऱ्हाणी सरकारपुढे मांडली, आणि १८९० साली रविवारची साप्ताहिक सुटी पदरात पाडून घेतली. त्यांच्याजवळ वकिलीची सनद नव्हती. पुढे सनद असलेला माणूस या प्रश्नात उतरला तो बाबासाहेबांच्या रूपाने. गिरण्यांच्या विणकाम खात्यात अस्पृश्यांना प्रवेश नव्हता. तुटलेला धागा जोडताना तोंडाला लावावा लागतो आणि त्याने विटाळ होतो, हे त्याचे कारण. चांगला पगार त्याच खात्यात होता. संपाच्या काळात एकजुटीची हाक देणाऱ्या पुढाऱ्यांना बाबासाहेबांनी हा प्रश्न विचारला, आणि ही बंदी उठवण्याची मागणी १९२८ च्या संपात पुढे आणली. मालक आणि कामगार असा साधा दुपदरी हिशेब आपल्या लोकांना पुरत नाही, हे तेव्हापासूनचे सत्य आहे.

१९३८ साली मुंबई विधिमंडळात औद्योगिक विवादांचे विधेयक आले तेव्हा त्यांनी केलेला युक्तिवाद बॅरिस्टरचा होता. काम सोडणे हा फार तर करारभंग होईल, आणि करारभंगाची दाद दिवाणी असते. तो गुन्हा ठरवून माणसाला तुरुंगात धाडणे म्हणजे त्याच्या इच्छेविरुद्ध त्याच्याकडून काम करून घेणे, म्हणजेच गुलामी, असा त्याचा आशय होता. विधेयक संमत झाले. त्याविरुद्ध ७ नोव्हेंबर १९३८ रोजी मुंबईत एक दिवसाचा संप झाला. चार वर्षांनी हेच बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री झाले. सरकार, मालक आणि कामगार यांच्या त्रिपक्षीय परिषदांत आता त्यांना तिघांचेही ऐकावे लागे. आठवड्याला ४८ तास ही कारखान्यातील कामाची मर्यादा त्यांच्याच कारकिर्दीतली.

स्वातंत्र्याच्या वर्षी औद्योगिक विवाद कायदा आला आणि त्याने वकिलांना जवळजवळ दाराबाहेरच उभे केले. समेट अधिकाऱ्यापुढे वकिलाला मज्जाव. कामगार न्यायालयात उभे राहायचे तर समोरच्या पक्षाची संमती आणि न्यायालयाची परवानगी, दोन्ही हवी असत. हे कलम ३६ वरवर विचित्र वाटते. हेतू असा की मालक महागडा वकील आणील, कामगाराला तो परवडणार नाही, आणि तंटा तांत्रिक मुद्द्यांत अडकून पडेल. मात्र कामगाराच्या वतीने त्याच्या संघटनेचा पदाधिकारी बोलू शकतो आणि मालकाच्या वतीने मालकसंघाचा. मग वकील संघटनांचे पदाधिकारी झाले, तसेच मालकसंघांचेही. पारादीप बंदराच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ही वाट वैध ठरवली. एक दार बंद, शेजारचे उघडे! कामगारांची वकिली आणि कामगारांचे पुढारीपण आपल्याकडे एकमेकांत इतके मिसळले, त्याचे एक कारण या कलमातही आहे.

या वकिलाचे रोजचे काम कसे चालते? समजा एका कारखान्यात आठ वर्षे काम करणाऱ्याला एके दिवशी फाटकावर अडवले आणि उद्यापासून येऊ नको म्हणून सांगितले. त्याचा वकील पहिला प्रश्न विचारील तो न्याय-अन्यायाचा नसेल. 'बारा महिन्यांत २४० दिवस भरले आहेत का, आणि ते कशावरून?' असा तो असेल. कारण २४० दिवस भरलेल्या कामगाराला कमी करायचे तर एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, आणि प्रत्येक वर्षामागे १५ दिवसांचा सरासरी पगार भरपाई म्हणून द्यावाच लागतो. ते न करता काढले तर काढणेच बेकायदा. पण दिवस भरल्याचा पुरावा देण्याची जबाबदारी सर्वोच्च न्यायालयाने कामगारावर टाकली आहे. हजेरीपत्रक मालकाच्या कपाटात, आणि पुरावा मागायचा कामगाराकडे! म्हणून पगाराची चिठ्ठी, भविष्य निर्वाह निधीचा क्रमांक, राज्य विमा योजनेचे कार्ड, फाटकाचा पास, यांपैकी काहीही फेकू नये. असला एखादा मळका कागदही आठ वर्षांची नोकरी वाचवू शकतो.

गैरवर्तनाचा आरोप असेल तर प्रकरण निराळे. आरोपपत्र, खुलासा, खात्यांतर्गत चौकशी, साक्षीदारांची उलटतपासणी, आणि मगच शिक्षा, हा क्रम आहे. चौकशी योग्य झाली तरी शिक्षा अति कठोर असल्यास न्यायालय ती कमी करू शकते; हा अधिकार १९७१ च्या दुरुस्तीने आला. त्याच वर्षी महाराष्ट्राने अनुचित कामगार प्रथांना आळा घालणारा स्वतंत्र कायदा केला. त्याखाली ९० दिवसांत तक्रार करता येते आणि अंतरिम आदेशही मागता येतो. केंद्राच्या कायद्याखाली पूर्वी सरकारने प्रकरण न्यायालयाकडे धाडेपर्यंत वाट पाहावी लागे, त्या मानाने ही मोठी सोय होती.

मालकाचा वकील म्हणजे आपला शत्रू, अशी समजूत चळवळीत घट्ट रुजलेली आहे. मला ती पुरती पटत नाही. चौकशीवाचून काढू नका, आरोपपत्र मोघम ठेवू नका, बाईमाणसाच्या बाळंतपणाच्या रजेला हात लावू नका, हे मालकाला अधिकाराने सांगू शकतो तो त्याचाच वकील. पुष्कळ तंटे कोर्टापर्यंत येतच नाहीत, कारण अशा कोणीतरी आधीच कान उपटलेले असतात. अर्थात याच धंद्यात निकाल आधी ठरवून चौकशीचे कागद मागाहून रंगवणारेही आहेत. शिवाय आज आपणही कोणाचे तरी मालक आहोत. आपल्या समाजाच्या शाळा, वसतिगृहे, पतसंस्था स्वयंपाकिणी नेमतात, पहारेकरी नेमतात. पाच वर्षे सलग सेवा झाल्यावर दर वर्षामागे १५ दिवसांच्या पगाराइतके उपदान, म्हणजे ग्रॅच्युइटी, हा त्यांचा हक्क आहे. दहा माणसे कामावर असलेल्या संस्थेला तो चुकवता येत नाही. संस्थेचे ध्येय थोर असल्याने या हिशेबात सूट मिळत नाही, हे विश्वस्तांना सांगणारा वकील संस्थेचा हितचिंतकच समजावा.

शिक्षकांची गंमत आणखी वेगळी. १९७८ साली बंगळूरच्या पाणीपुरवठा खटल्यात न्या. कृष्ण अय्यर यांनी 'उद्योग' या शब्दाची व्याप्ती इतकी वाढवली की शाळाही त्यात आली. पण १९८८ साली गोव्यातील एका शिक्षिकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की शिक्षक 'कामगार' नव्हे. म्हणजे शाळा उद्योग, तिचा शिपाई कामगार, आणि वर्गात तास घेणारा मात्र कोणीच नाही! महाराष्ट्रात खाजगी शाळांच्या शिक्षकांना १९७७ च्या कायद्याने शाळा न्यायाधिकरण मिळाले, हे आपले भाग्य. २०१३ साली अशाच एका शिक्षिकेच्या अपिलात सर्वोच्च न्यायालयाने थकीत पगाराचा नियम स्पष्ट केला: काढणे बेकायदा ठरले तर पूर्ण थकीत पगारासह पुनर्नियुक्ती हा सर्वसाधारण नियम, आणि दरम्यान त्या व्यक्तीला दुसरीकडे कमाई होती हे सिद्ध करायचे असेल तर ते मालकाने करावे. देशभरच्या कामगारांचे वकील आज या निकालाचा आधार घेतात.

आता सर्वांत जवळचा विषय. मुंबई महापालिकेचा कचरा उचलणारे हात कोणत्या समाजाचे आहेत ते सांगायला नको. त्यांतील हजारोंना पालिकेने कंत्राटदारांमार्फत राबवले. २००१ साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटले होते की कंत्राटी कामगार आपोआप मुख्य मालकाचा होत नाही. मात्र कंत्राटच खोटे, नुसता देखावा असेल, तर तो पहिल्यापासून त्याच मालकाचा कामगार मानावा. कचरा वाहतूक श्रमिक संघाच्या लढ्याचे सारे बळ या 'मात्र'मध्ये होते. २०१४ साली औद्योगिक न्यायाधिकरणाने २,७०० कामगारांच्या बाजूने निकाल दिला, उच्च न्यायालयाने तो उचलून धरला, आणि एप्रिल २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही. त्यानंतरही कागदोपत्री नावांतील अक्षरांच्या फरकामुळे अनेकांची पडताळणी रखडली. ज्यांच्या नावाची नोंद कोणी कधी नीट केली नाही, त्यांच्याकडून नावाचा अचूकपणा मागितला गेला.

संसदेने २०२० साली संमत केलेल्या औद्योगिक संबंध संहितेने जुने तीन केंद्रीय कायदे एकत्र केले आहेत. कारखाना बंद करण्यासाठी किंवा कामगारकपातीसाठी सरकारची परवानगी पूर्वी १०० कामगारांपासून लागे, संहितेत ती मर्यादा ३०० आहे. संपाला १४ दिवसांची पूर्वसूचना आता सर्वच उद्योगांत हवी. १९३८ च्या त्या भाषणाची आठवण होते.

ज्यांना या वाटेने जायचे आहे त्यांच्यासाठी बारावीनंतर पाच वर्षांचा आणि पदवीनंतर तीन वर्षांचा विधी अभ्यासक्रम आहे. दोन्हींना राज्याची प्रवेश परीक्षा द्यावी लागते. परळला कामगार अभ्यासाची सरकारी संस्था आहे आणि तिला नाव नारायण मेघाजी लोखंडे यांचे आहे. इंग्रजी हवेच, पण येथे साक्षीदार मराठीत बोलतो, हजेरीपत्रक मराठीत असते आणि आरोपपत्रही बहुधा मराठीतच निघते. आपल्या मुलामुलींना येथे दुभाष्याची गरज पडणार नाही.