दोषाचा अंक आणि धोक्याचा अंदाज

पावसाळा तोंडावर आला की मुंबई महानगरपालिका विभागवार धोकादायक इमारतींची यादी जाहीर करते, आणि घाटकोपरच्या एन विभागातील रहिवाशांना त्या यादीतील सी-१, सी-२अ, सी-२ब, सी-३ ही वर्गवारी कोणी समजावून सांगावी लागत नाही; पहिल्या वर्गातील इमारत रिकामी करून पाडावयाची, शेवटच्या वर्गातील इमारतीची किरकोळ डागडुजी करावयाची, आणि मधल्या दोन वर्गांत दुरुस्ती रहिवाशांना हलवून करावयाची की न हलविता, एवढाच काय तो भेद, हे पंतनगरापासून भटवाडीपर्यंत सर्वांस ठाऊक आहे. त्याच रहिवाशांच्या खिशातील मोबाईलमध्ये ज्या ब्राउझरवाटे विजेचे बिल, शाळेची फी आणि बँकेचा व्यवहार पार पडतो, त्याच्या दोषांचीही अशीच एक वर्गवारी बारमाही चालू असते. पण तिचा जो अंश वर्तमानपत्रांतून आपल्यापर्यंत पोहोचतो तो 'क्रोममध्ये गंभीर त्रुटी, सरकारचा इशारा' एवढ्या मथळ्यापलीकडे क्वचितच जातो, आणि वारंवार कानी पडल्याने त्या इशाऱ्यातील धारही नाहीशी झाली आहे.

हा इशारा देणारे सरकारी खाते म्हणजे 'सर्ट-इन'. २००४ साली ते सुरू झाले, आणि माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ७०ब अन्वये संगणकीय आपत्तींची दखल घेण्याचा अधिकार त्याजकडे आहे. जगात कोठेही दोष उघडकीस आला की त्यास 'सीव्हीई' या नावाचा एक नोंदणी क्रमांक मिळतो. ही पद्धत १९९९ पासूनची आहे, आणि असे क्रमांक देण्याचा अधिकार २०२१ मध्ये सर्ट-इनलाही प्राप्त झाला. क्रमांक ही झाली केवळ दप्तरी नोंद. दोष किती गंभीर, हे ठरविण्याचे सूत्र निराळे असून त्यास 'सीव्हीएसएस' म्हणतात. दोषाचा फायदा दुरून, जाळ्यावरून घेता येतो काय, त्यास विशेष खटपट लागते काय, आधी काही अधिकार मिळवावे लागतात काय, वापरणाऱ्याने स्वतः काही करणे आवश्यक आहे काय, नुकसान मूळ हद्दीबाहेर पसरते काय, आणि गोपनीयता, अचूकता व उपलब्धता यांपैकी कशास किती बाध येतो, अशा आठ प्रश्नांची उत्तरे त्या सूत्रात घातली की शून्य ते दहा यांमधील एक अंक निघतो. ४ च्या खाली सौम्य, ७ च्या खाली मध्यम, ९ च्या खाली उच्च, आणि त्यापुढे अतिगंभीर.

अंक दशांशापर्यंत असल्यामुळे तो वजनकाट्यावरून उतरल्यासारखा निर्विवाद भासतो. परंतु सप्टेंबर २०२३ मधील एका प्रकरणाचा तपशील पाहिला म्हणजे हा भास टिकत नाही. 'वेबपी' नामक चित्रप्रकार उलगडून दाखविणाऱ्या 'लिबवेबपी' या सामायिक संग्रहात एक दोष होता: चित्राचा मजकूर उलगडण्यासाठी जी कोष्टके तयार करावी लागतात त्यांच्यासाठी राखलेली स्मृतीची जागा आगाऊ हिशेबाने मुक्रर केलेली होती, आणि मुद्दाम विकृत केलेले चित्र त्या हिशेबास चकवून राखलेल्या जागेबाहेर लिहू शकत होते. ॲपलचा सुरक्षा विभाग आणि टोरांटो विद्यापीठातील सिटिझन लॅब यांनी ६ सप्टेंबरला तो कळविला, आणि ११ सप्टेंबरला गूगलने क्रोमची दुरुस्ती प्रसिद्ध केली. क्रोमच्या स्वतःच्या मोजपट्टीवर तो 'अतिगंभीर' ठरला; सीव्हीएसएसच्या सूत्राने त्याच नोंदीस ८.८, म्हणजे केवळ 'उच्च', दिले; आणि प्रथम फक्त क्रोमच्या नावे नोंदलेला हा दोष वस्तुतः फायरफॉक्स, सिग्नल, टेलिग्राम अशा असंख्य कार्यक्रमांच्या पायात आहे हे ध्यानी आल्यावर दुसरा क्रमांक काढून त्यावर चक्क १०.० लिहिले गेले, व थोड्याच दिवसांत तो क्रमांक पहिल्याचीच पुनरुक्ती म्हणून रद्द झाला. दोष एक, पण त्याचे निवाडे तीन, आणि प्रत्येक आपापल्या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर. मला या घटनेत लबाडी दिसत नाही. अंकाच्या मागचा प्रश्न कोणता होता हे विचारल्यावाचून अंक स्वीकारू नये, एवढे मात्र दिसते.

हा ८.८ निघतो कसा, हेही पाहण्यासारखे आहे. दुरून होणारा, सोपा, कोणताही अधिकार न लागणारा आणि तिन्ही बाबतींत संपूर्ण नुकसान करणारा दोष ९.८ वर जातो. परंतु वापरणाऱ्याने निदान एक पान उघडले पाहिजे, या एका अटीने तो पूर्ण एका अंकाने खाली येतो. पान उघडणे हेच ज्या साधनाचे कर्म, त्याच्या बाबतीत ही सवलत कितपत न्याय्य, असा प्रश्न मला सतत पडत आला आहे.

याहून मोठा अन्याय तळाच्या अंकांत दडलेला आहे. ऑक्टोबर २०२० मध्ये रफाय बलोच या पाकिस्तानी संशोधकाने सफारी, ऑपेरा टच, यांडेक्स, यूसी अशा मोबाईल ब्राउझरांतील एक दोष उघड केला: पान बदलण्याचा क्षण आणि वरची पत्त्याची पट्टी बदलण्याचा क्षण यांतील अंतर साधून, पान एकाचे आणि पत्ता दुसऱ्याचा असे दाखविता येत होते. त्यांपैकी यूसीवर आपल्या सरकारने त्याच वर्षी २९ जूनला बंदी घातली होती, ती निराळ्या कारणांसाठी. पण हा ब्राउझर त्याआधी आपल्याकडे घरोघरी होता. पत्ता खोटा दाखविणे म्हणजे कोणतीही आज्ञावली चालविणे नव्हे, कोणतीही फाईल चोरणे नव्हे. म्हणून केवळ अचूकतेस किंचित बाध, असे समजून हा दोष सूत्रात घातला तर उत्तर येते ४.३. मध्यम!

आता मुंबईकडे वळू. मार्च २०२३ च्या आरंभी तीन दिवसांत एका खाजगी बँकेच्या सुमारे ४० ग्राहकांचे पैसे गेले. केवायसी अद्ययावत करा, अन्यथा खाते बंद होईल, अशी ताकीद देणारा संदेश, त्यातील दुवा, दुव्यामागे बँकेच्या पानाची हुबेहूब नक्कल, आणि तीत ग्राहकांनी स्वहस्ते भरलेला पासवर्ड व ओटीपी. त्या प्रकरणात ब्राउझर सदोष असल्याचे कोणी म्हटले नाही, व मीही म्हणत नाही. परंतु ज्या फसवणुकीत ग्राहकापाशी स्वसंरक्षणाचे एकच साधन उरते, आणि ते म्हणजे वरच्या पट्टीतील पत्ता वाचणे, तेथे त्या पट्टीलाच खोटे बोलावयास लावणारा दोष 'मध्यम' कसा? मेजावरील संगणकात निदान लांब पत्ता दिसतो; फोनवर तो निम्मा झाकलेला असतो, आणि पान वर सरकवू लागताच पट्टी अदृश्य होते. जिम फिशर या तंत्रज्ञाने २०१९ मध्ये दाखवून दिले की क्रोमची पट्टी अशी लपल्यानंतर पान स्वतःच तिच्या जागी दुसरी, चितारलेली पट्टी उभी करू शकते. घाटकोपर स्थानकाच्या पुलावर, मेट्रोतून उतरून लोकलकडे धावणाऱ्या गर्दीत, एका हाताने दुवा उघडणाऱ्या माणसाकडून खरी पट्टी व चितारलेली पट्टी यांतील भेद ओळखण्याची अपेक्षा करणे मला निर्दयपणाचे वाटते.

सूत्रकारांनाही या उणिवेची थोडीफार जाणीव असावी, कारण नोव्हेंबर २०२३ च्या चौथ्या आवृत्तीत त्यांनी 'वापरणाऱ्याचा सहभाग' या एका प्रश्नाची फोड केली: नेहमीप्रमाणे नुसते पान पाहणे वेगळे आणि जाणूनबुजून इशाऱ्याकडे दुर्लक्ष करून पुढे जाणे वेगळे. भेद योग्य आहे. तथापि फसलेल्या माणसाचे नुकसान मोजण्याचे परिमाण अद्यापही त्यात आलेले नाही.

म्हणून अंकाबरोबर वाचकाने दोन गोष्टी विचाराव्या: दोषाचा गैरवापर प्रत्यक्षात सुरू झाला आहे काय, आणि दुरुस्ती माझ्या फोनवर पोहोचली आहे काय. लिबवेबपीच्या बाबतीत पहिल्याचे उत्तर होकारार्थी होते, व गूगलने ते दुरुस्तीच्या पत्रकातच नमूद केले होते. दुसरे उत्तर ज्याचे त्याने शोधावयाचे. आयफोनवर क्रोम घेतला तरी भारतात त्याच्या पोटी सफारीचेच यंत्र असते, सबब तेथे दुरुस्ती ॲपलच्या अद्यतनातून येते; अँड्रॉइडवर, ज्या फोनांना नवा क्रोम मिळणेच बंद झाले आहे ते वगळता, ती प्ले स्टोअरमधून येते. मात्र तेथे बहुतेक फोनांत 'क्रोम' आणि 'अँड्रॉइड सिस्टीम वेबव्ह्यू' ही दोन नावे निरनिराळी असतात, आणि इतर ॲपांच्या आत जी पाने उघडतात त्यांतील पुष्कळशी या दुसऱ्याच्या भरवशावर चालतात. पहिले अद्ययावत केले म्हणजे दुसरे आपोआप झाले, असे समजू नये.