हंसपदीची ओळख

गेल्या श्रावणांत एक परिचित गृहस्थ माझ्याकडे कागदाची एक पुडी घेऊन आले. वैद्यांनीं त्यांना हंसपदी सांगितली होती. पण बाजारांतून आणलेली ही औषधी मागील खेपेसारखी दिसेना, म्हणून त्यांना शंका आली. पुडी उघडली. आंत काळपट चकचकीत काड्या आणि त्यांना चिकटलेलीं, वाळून चुरगळलेलीं पानें. भिंगाखालीं धरतांच कळलें कीं, कांहीं काड्या अगदीं गुळगुळीत आहेत, तर कांहींवर तपकिरी लव आहे. एका पुडींत निदान दोन जाती होत्या! विकणाऱ्यानें फसविलें असें मी म्हणणार नाहीं. ज्यानें त्या रानांतून खुडल्या त्याला त्या एकच वाटल्या असाव्यात, आणि श्रोतेहो, आपणांसहि तशाच वाटल्या असत्या.

हंसपदी हा एक नेचा आहे. नेच्याला फूल नाहीं, फळ नाहीं, बीं नाहीं. म्हणजे ज्या खुणांवरून आपण एरव्हीं वनस्पति ओळखतों त्या येथें मुळींच नाहींत. सारा निवाडा पानावरून करावयाचा. हंसपदीच्या गणाला शास्त्रांत अ‍ॅडिअँटम म्हणतात. ‘न भिजणारी’ असा त्या ग्रीक शब्दाचा अर्थ. पानावर पाणी शिंपडावें, थेंब घरंगळून जातात. काळसर झळझळीत दांडी आणि पानाच्या कडेचा खालीं दुमडलेला पदर, हीं दोन लक्षणें एकत्र दिसलीं कीं गणाविषयीं संशय उरत नाहीं. बीजाणूंचे पुंज या पदराच्याच आंतल्या अंगाला लागतात.

गण ओळखणें सोपें. घोटाळा होतो तो जातींत. पावसाळ्यांत घाटरस्त्याच्या ओल्या दरडीवर जी झुबक्यांनीं लोंबत असते, ती बहुधा खरी हंसपदी. लिनियसनें १७५३ सालीं तिला अ‍ॅडिअँटम फिलिपेन्स हें नांव दिलें. औषधींच्या ग्रंथांत मात्र ती अजून ‘लुन्युलेटम’ या १७६८ सालच्या नांवानेंच वावरते. लुन्युलेटम म्हणजे चंद्रकोरीसारखी, आणि मला तरी हेंच नांव अधिक शोभतें असें वाटतें. तिची एकेक पर्णिका अर्धचंद्राकृति असून स्वतंत्र, नाजुक देंठावर उभी असते. दांडीवरून बोट फिरवावें तों कांचेसारखी गुळगुळीत. पाऊस संपला कीं पानें वाळतात आणि जमिनींतलें खोड तेवढें पुढील मृगाची वाट पाहत राहतें.

तिची जवळची बहीण अ‍ॅडिअँटम कॉडेटम, म्हणजे शेंपटीवाली. पानाचें टोक लांबत जातें, जमिनीला टेकतें आणि तेथें मुळें फुटून नवें रोप उभें राहतें. पण नांवावर विसंबून राहूं नये. हंसपदीचें टोकहि पुष्कळदां असेंच रुजतें! मीं स्वतः एक सबंध पावसाळाभर शेंपटी दिसली कीं ‘कॉडेटम’ अशी चिठ्ठी चिकटवीत असें, आणि पुढें त्यांतील अर्ध्या चिठ्ठ्या मलाच सोलून काढाव्या लागल्या. खरा भेद दांडीवर आहे: कॉडेटमची दांडी केंसाळ असते, तिच्या पर्णिका जवळजवळ बिनदेंठाच्या असतात आणि त्यांची वरची कड खोल कातरलेली असते. एवढ्यानेंहि काम संपत नाहीं. केंसाळ म्हणून जिला आपण एक जात समजतों, तो खरोखर अनेक जवळच्या जातींचा गोतावळा आहे. आयरीन मँटन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९६७ सालीं या गोतावळ्याच्या गुणसूत्रांचा अभ्यास प्रसिद्ध केला. पूर्वीं कॉडेटममध्येंच मोडणाऱ्या इन्सायझमच्या पर्णिका दोन्ही अंगांनीं केंसाळ असतात. त्या पाहण्यास मात्र भिंग हवें.

तिसरी, अ‍ॅडिअँटम कॅपिलस-व्हेनेरिस. बाजारांत तिला हंसराज व युनानी हकिमांकडे परसियावशान म्हणतात. जेथें पाणी सतत पाझरतें, अशा विहिरींच्या दगडांच्या फटींत ती शोधावी. हिचें पान दोनतीनदां विभागलेलें असतें व पर्णिका पंख्यासारख्या. ओळखण्यास सोपी खरी, परंतु कोवळ्या रोपाचें पान अविभक्त असतें आणि तें हंसपदीचा भास करून देतें. म्हणून झुबक्यांतलें सर्वांत जून पान पाहावें. रोप मात्र उपटूं नये. बीजाणू धरलेलें एक पान देंठासकट घेतलें तरी पुरतें.

वाळक्या मालांत पर्णिकांचा आकार विसकटतो, दांडी मात्र टिकते. त्या गृहस्थांच्या पुडींतल्या काड्या मीं कोमट पाण्यांत भिजत घातल्या, पानें उलगडल्यावर गुळगुळीत एका बाजूस, केंसाळ दुसऱ्या बाजूस केल्या. गुळगुळीत निम्म्याहि भरल्या नाहींत. दोन्ही ढीग निरनिराळ्या पुड्यांत बांधून दिले आणि त्यांना म्हटलें, “अहो, हे दोन्ही घेऊन आधीं वैद्यांकडे जा, काढा मागाहून करा.”