कामिनो दे सान्तियागो

कामिनो दे सान्तियागो (अर्थ: सान्तियागोची वाट) हा वायव्य स्पेनमधील सान्तियागो दे कोंपोस्तेला येथील कॅथेड्रलकडे नेणारा ख्रिस्ती यात्रामार्गांचा समूह आहे. येशूचा शिष्य संत याकोब याची समाधी तेथे असल्याची श्रद्धा आहे.

यांपैकी सुमारे ७८० किमी लांबीचा ‘फ्रेंच मार्ग’ पिरेनीज पर्वत ओलांडून मेसेता पठारावरील गव्हाच्या शेतांतून व गालिसियातील खेड्यांतून जातो. मध्ययुगात गजबजलेली ही वाट विसाव्या शतकात जवळजवळ विस्मृतीत गेली होती. ओ सेब्रेइरो या डोंगरी गावचे धर्मगुरू एलियास वालिन्या यांनी १९८४ मध्ये पिवळे बाण रंगवून तिच्या खुणा पुन्हा स्पष्ट केल्या. १९९३ मध्ये युनेस्कोने या मार्गाचा जागतिक वारसा यादीत समावेश केला; यात्रेकरू मात्र आजही त्या बाणांच्या आधारेच चालतात.